ताप उतरवणारी वजाबाकी

मे महिना निम्मा सरला की मालवणात पाय ठेवायला जागा उरत नाही. तारकर्ली, देवबाग, दांडी, चिवला बीच, जिथे बघावं तिथे पुण्या-मुंबईच्या आणि कोल्हापूर-बेळगावच्या गाड्या. स्कूबाला उतरलेला पर्यटक पाण्यातून वर येतो, अंग पुसतो आणि पहिला प्रश्न विचारतो तो व्हिडिओचा. मग कॅमेऱ्यातलं कार्ड काढून कुणीतरी धावत खोलीत नेतो. तिथे संगणकावर नको तो भाग कापायचा, पाण्यामुळे आलेली निळसर झाक काढायची, फाईल तयार करायची आणि पर्यटकाची गाडी सुटायच्या आत त्याच्या मोबाइलवर टाकायची.

ही खोली म्हणजे बहुतेक वेळा घराची बंदिस्त केलेली पडवी, नाहीतर पत्र्याखालचा गाळा. बाहेर सावलीत ३३ अंश, आत त्याहून जास्त, आणि हवा अशी दमट की शर्ट पाठीला चिकटलेला. पडद्यावरची पट्टी सरकत सरकत ७० टक्क्यांपर्यंत येते आणि तिथेच रेंगाळते. पंखा गिरणीसारखा घरघरत असतो. सकाळचा पहिला व्हिडिओ झटक्यात झालेला असतो, दुपारचा सहावा मात्र संपता संपत नाही.

‘तापता खूप,’ एवढंच गिऱ्हाईक दुरुस्तीच्या दुकानात सांगतं. त्यावरचे घरगुती उपाय सगळ्यांना पाठ आहेत. कॅबिनेटचं झाकण काढून ठेवायचं, शेजारी टेबलफॅन लावायचा, फारच झालं तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मोठा कूलर मागवायचा. पण एक उपाय असा आहे की ज्याला रुपयाही लागत नाही आणि तरीही तो फार थोड्यांनी केलेला असतो. प्रोसेसरला मिळणारं व्होल्टेज थोडं कमी करायचं. जाणकार मंडळी याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. वेग वाढवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग, आणि व्होल्टेज घटवणं हे त्याच्या उलट टोकाचं काम, असा अनेकांचा समज असतो. आजच्या प्रोसेसरमध्ये या दोन्ही गोष्टी एकाच दिशेला जातात, आणि कोकणपट्टीसारख्या उष्ण-दमट हवेत तर वेगाची वाट व्होल्टेज उतरवण्यातूनच जाते.

हे कसं, ते समजायला माडाच्या बागेत जावं. विहिरीवरचा पंप सुरू केला की पाटातून पाणी सुटतं आणि माडांची आळी एकामागून एक भरतात. समजा, एका आळ्याला ठरावीक वेळच द्यायचा असं ठरलं आहे. वेळ संपला की पाणी पुढच्या आळ्याकडे वळवायचं, आळं भरलं असो वा नसो. पाण्याला दाब चांगला असेल तर वेळेच्या आत आळं काठोकाठ भरतं. दाब कमी असेल तर अर्धवट राहतं. आता पाळी जलद फिरवायची असेल, म्हणजे प्रत्येक आळ्याचा वेळ कमी करायचा असेल, तर दाब वाढवावाच लागतो.

प्रोसेसरमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात. चार गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सेकंदाला चारशे कोटी ठोके मोजतो, आणि प्रत्येक ठोक्याला त्यातली लाखो सूक्ष्म ‘आळी’ विजेने भरतात किंवा रिकामी होतात. भरलेलं म्हणजे १, रिकामं म्हणजे ०. व्होल्टेज हा इथला दाब. तो पुरेसा असेल तर पुढचा ठोका पडण्याआधी प्रत्येक आळं नीट भरतं. अपुरा असेल तर एखादं अर्धवट भरलेलं आळं रिकामं समजलं जातं, १ च्या जागी ० वाचला जातो, आणि हिशेब चुकतो. ओव्हरक्लॉकिंग करणारे पूर्वापार व्होल्टेज का वाढवत आले, त्याचं कारण एवढंच आहे.

दाब वाढवण्याची किंमत मात्र जबर असते. उंच टाकीत पाणी चढवणाऱ्याला ती माहीत आहे. टाकीतल्या पाण्याची पातळी खाली ठेवली तर पाणीही कमी भरावं लागतं आणि ते चढवावंही कमी उंचीवर लागतं, म्हणजे बचत दोन्हीकडून. व्होल्टेजचं अगदी तसंच आहे. ते कमी केलं की प्रत्येक ठोक्याला लागणारा विद्युतभारही घटतो आणि तो ढकलायला लागणारा जोरही. म्हणून प्रोसेसरची उष्णता वेगाच्या सरळ प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. १.३० व्होल्टवरून १.२० वर आलं तर व्होल्टेज कमी होतं जेमतेम पावणेआठ टक्के, पण ट्रान्झिस्टरच्या उघडझापेतून निघणारी उष्णता घटते सुमारे १५ टक्के. उलट बाजूने पाहा. वेग ४.० वरून ४.२ गिगाहर्ट्झ करायला व्होल्टेज १.२० वरून १.३० वर न्यावं लागलं, तर ५ टक्के वेगासाठी २३ टक्के जास्त उष्णता पत्करावी लागते.

या वर्गाच्या नियमाचा प्रत्यय पुण्यात जन्मलेल्या एका अभियंत्याच्या कामात जगाने पाहिला आहे. इंटेलचा पहिला पेंटियम १९९३ मध्ये बाजारात आला. त्या प्रकल्पाचं नेतृत्व करणारे विनोद धाम ‘पेंटियमचे जनक’ म्हणून ओळखले जातात. तो पहिला पेंटियम ६० आणि ६६ मेगाहर्ट्झचा होता, ५ व्होल्टवर चालायचा आणि त्या काळाच्या मानाने इतका तापायचा की त्याच्या उष्णतेचीच चर्चा व्हायची. पुढच्याच वर्षी आलेला पेंटियम आणखी बारीक घडणीचा होता आणि ३.३ व्होल्टवर चालत होता. वेग १०० मेगाहर्ट्झपर्यंत गेला आणि उष्णता मात्र उतरली. ५ व्होल्टवरून ३.३ वर येताच नुसत्या व्होल्टेजच्या हिशेबाने ती निम्म्याच्याही खाली, ४४ टक्क्यांवर येते.

आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्येच हे मांडून ठेवलं होतं. ट्रान्झिस्टर जितका लहान कराल तितकं व्होल्टेजही उतरवा, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसूनही ताप वाढणार नाही. या सूत्रावर संगणकांनी तीस वर्षं काढली. मग व्होल्टेज एका व्होल्टच्या आसपास येऊन अडलं, कारण त्याखाली ट्रान्झिस्टर नीट बंदच होईनात आणि वीज झिरपू लागली. इंटेलने २००४ मध्ये ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ काढायचा बेत सोडून दिला. तेव्हापासून प्रोसेसरच्या वेगाचा खरा शत्रू उष्णता हाच आहे. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ मध्ये बसवलेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकाला थंड ठेवण्यासाठी थेट प्रोसेसरपर्यंत पाणी खेळवलं आहे, त्यामागेही हाच प्रश्न आहे.

घरच्या संगणकात ही उष्णता कुठून येते ते एकदा डोळ्यांसमोर आणलं पाहिजे. भिंतीतून २३० व्होल्टची वीज येते. एसएमपीएस तिची १२ व्होल्ट करतो. मग मदरबोर्डवर प्रोसेसरच्या कडेला चौकोनी काळे ठोकळे ओळीने बसवलेले दिसतात, ते १२ चे साधारण १.२ व्होल्ट करतात. १२० वॉट खाणाऱ्या प्रोसेसरला १.२ व्होल्टवर १०० अँपिअर करंट लागतो. घरातल्या एसीच्या किंवा गिझरच्या प्लगवर १६ अँपिअर लिहिलेलं असतं. त्याच्या सहापट करंट बिस्किटाएवढ्या एका चकतीत शिरत असतो. दहा-वीस मिलिव्होल्टचा फरक इथे का महत्त्वाचा ठरतो, ते यावरून कळेल.

मग कंपनी मुळात जास्त व्होल्टेज देतेच कशाला?

देवगडच्या बागायतदाराला हा प्रश्न पडणार नाही. एकाच कलमावरचे, एकाच दिवशी उतरवलेले हापूस तरी सारखे कुठे असतात? वजनाप्रमाणे निवड होते, कुणी चार डझनांच्या पेटीत जातो, कुणी सहा डझनांच्या. सिलिकॉनच्या एका चकतीतून कापलेले प्रोसेसरही असेच असतात. एखाद्याला एका वेगासाठी १.१५ व्होल्ट पुरतात, शेजारच्याला त्याच वेगासाठी १.२५ लागतात. कंपनी त्यांची चाचणी घेऊन निवड करते, पण लाखोंच्या संख्येने माल काढताना प्रत्येक नगाला अगदी नेमकं माप लावत बसणं परवडत नाही. शिवाय तो प्रोसेसर कुठल्या मदरबोर्डावर बसेल, कुठल्या हवेत चालेल, पाच वर्षांनी झिजल्यावर कसा वागेल, हे कंपनीला आधी ठाऊक नसतं. म्हणून सगळ्यांनाच थोडा जास्त दाब देऊन ठेवतात. अंडरव्होल्टिंग म्हणजे या राखीव दाबातला आपल्या नगाला न लागणारा भाग काढून घेणं.

मालवणच्या हवेत या राखीव दाबाचा भुर्दंड जास्त बसतो. युरोपात किंवा अमेरिकेत संगणकाची परीक्षा घेणारे लोक २०-२२ अंशांच्या खोलीत बसलेले असतात. एखादा कूलर १२० वॉटच्या प्रोसेसरला खोलीच्या तापमानापेक्षा ५० अंश वर ठेवत असेल, तर त्यांच्याकडे ७१ अंश दिसतात आणि आपल्याकडे पडवी ३३ अंशांचीच धरली तरी तोच आकडा ८३ होतो. हवेवर चालणारा कुठलाही कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. पण १२० चे १०२ वॉट झाले, तर तोच कूलर त्याच पडवीत साडेपंचाहत्तर अंशांवर काम भागवतो.

वेग वाढतो तो इथे. १९९८ च्या सुमारास सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्त प्रोसेसर ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्यांच्या गळ्यातला ताईत झाला होता, कारण मदरबोर्डवरची एक मांडणी बदलली की ३०० मेगाहर्ट्झचा तो प्रोसेसर ४५० वर धावायचा. तेव्हा वेग माणूस ठरवायचा. आजचा प्रोसेसर स्वतःचा वेग स्वतः ठरवतो. तो क्षणाक्षणाला तीन गोष्टी तपासत असतो, तापमान किती, वीज किती खाल्ली, करंट किती ओढला. तिन्हींत वाव असेल तर वेग चढवतो, नसेल तर उतरवतो. व्होल्टेज कमी केलं की तिन्हींत वाव मिळतो आणि प्रोसेसर आपणहून जास्त वेळ वरच्या वेगाने धावतो. दुपारचा सहावा व्हिडिओ सकाळच्या पहिल्याइतक्याच वेळात होऊ लागतो.

इथवर सगळं गोड आहे. पण अंडरव्होल्टिंगची शिफारस करणारे बरेच लोक एक वाक्य सहज बोलून जातात: ‘व्होल्टेज कमी केल्याने काही बिघडत नाही, फार तर संगणक बंद पडेल.’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. प्रोसेसर जळत नाही, हे खरं. पण कमी व्होल्टेजवरचा प्रोसेसर प्रत्येक वेळी बंदच पडेल असं नाही. कधीकधी तो चालू राहतो आणि चुकीचं उत्तर देतो.

याचा लखलखीत पुरावा डिसेंबर २०१९ मध्ये जगापुढे आला. बर्मिंगहॅम, ग्राझ आणि ल्युव्हेन इथल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी इंटेलच्या प्रोसेसरचं व्होल्टेज सॉफ्टवेअरमधून जपून, टप्प्याटप्प्याने खाली आणलं. एका टप्प्यावर संगणक बंद पडला नाही, पडदा निळा झाला नाही, फक्त गुणाकार चुकू लागला. त्या चुकीचा उपयोग करून प्रोसेसरच्या कुलूपबंद कप्प्यातली गुपितं बाहेर काढता येतात, हे त्यांनी दाखवून दिलं. या हल्ल्याला त्यांनी ‘प्लंडरव्होल्ट’ नाव दिलं. इंटेलने त्यावर उपाय म्हणून व्होल्टेज बदलायची वाट बंद करण्याची सोय दिली, आणि बायोस, म्हणजे मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम, अद्ययावत होताच अनेक लॅपटॉपवर अंडरव्होल्टिंग कायमचं बंद झालं. आज एखाद्याच्या लॅपटॉपमध्ये हा पर्याय दिसतच नसेल, तर बहुधा त्याचं कारण हे आहे. तो खटपटी करून उघडायच्या भरीस पडू नये.

हा गुणाकार घरच्या संगणकात चुकला तर? एखाद्या लग्नाच्या फोटोत वरच्या अर्ध्या भागात नवरा-नवरी आणि खालच्या अर्ध्यात राखाडी पट्टा येतो. झिप फाईल उघडताना ‘सीआरसी एरर’ दिसते. आंब्याच्या हंगामाचा सगळा हिशेब ज्या फाईलमध्ये आहे, ती एके दिवशी उघडतच नाही. अशा वेळी दोष हार्डडिस्कला दिला जातो, पेनड्राइव्हला दिला जातो, व्हायरसला दिला जातो. व्होल्टेजचा संशय कुणालाच येत नाही, कारण ते दोन महिन्यांपूर्वी बदललेलं असतं आणि तेव्हापासून संगणक ‘छान चाललेला’ असतो.

दुसऱ्या टोकाचा धोकाही गेल्या काही वर्षांत लोकांनी सोसला आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले काही प्रोसेसर मदरबोर्डावरच जळाल्याची छायाचित्रं जगभर फिरली. त्यानंतर एएमडीने प्रोसेसरच्या एसओसी या भागाच्या व्होल्टेजला १.३ व्होल्टची मर्यादा घातली. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर हळूहळू खिळखिळे होऊ लागले. गेम उघडताना ‘ग्राफिक्सची मेमरी कमी आहे’ असा संदेश यायचा. मेमरी भरपूर असायची, चूक व्हायची ती दाबलेल्या फाईली उलगडताना, प्रोसेसरच्या आत. प्रोसेसर स्वतःच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्या दाबाने आतले काही भाग अकाली झिजत होते. इंटेलने ऑगस्टमध्ये दिलेल्या दुरुस्तीत १.५५ व्होल्टच्या वरची मागणी रोखली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण झिजलेला भाग दुरुस्तीने भरून येत नाही. ज्याच्याकडे या पिढ्यांतला प्रोसेसर आहे त्याने अंडरव्होल्टिंगच्या आधी मदरबोर्डाचा बायोस अद्ययावत केला पाहिजे. बाकी सगळं त्यानंतर.

आता प्रत्यक्ष काम. ते एका रविवारात होत नाही, हे आधीच मनाशी धरावं. आणि सुरुवात करण्यापूर्वी महत्त्वाच्या फाईलींची दुसऱ्या डिस्कवर प्रत काढून ती डिस्क संगणकापासून सोडवून ठेवावी.

पहिला दिवस सफाईचा. कूलरच्या पात्यांमध्ये धूळ आणि समुद्रावरच्या खाऱ्या हवेतलं मीठ मिळून जो चिकट थर बसतो, तो काढल्याशिवाय कुठलाही आकडा खरा नाही. किनाऱ्याजवळच्या घरात ॲल्युमिनियमच्या पात्यांवर पांढरी भुकटी दिसते, तांब्याच्या नळ्यांवर हिरवट डाग येतात. मऊ ब्रशने ते साफ करावं, वाळलेली थर्मल पेस्ट पुसून मटारच्या दाण्याएवढी नवी लावावी. मग काहीही न बदलता संगणकाला भरपूर काम द्यावं, म्हणजे सिनेबेंच या प्रोग्रामची चाचणी दहा मिनिटं चालवावी आणि चार आकडे वहीत लिहावेत: खोलीचं तापमान, प्रोसेसरचं कमाल तापमान, व्होल्टेज आणि चाचणीतले गुण. एचडब्ल्यूइन्फो नावाचा मोफत प्रोग्राम हे आकडे दाखवतो. अनेकांचं निम्मं दुखणं याच दिवशी बरं होतं.

दुसऱ्या दिवशी संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ २ दाबून बायोसमध्ये शिरायचं. इथे व्होल्टेज देण्याच्या दोन तऱ्हा असतात. एक ठरीव आकड्याची. १.२० लिहिलं की प्रोसेसर रिकामा बसला असला तरी १.२०. ही जुनी पद्धत आहे आणि घरच्या वापराला ती नको. दुसरी ऑफसेटची. प्रोसेसर ज्या वेगाला जेवढं व्होल्टेज मागेल त्यातून ठरावीक रक्कम वजा करायची. इंटेलच्या यंत्रात ही वजाबाकी मिलिव्होल्टमध्ये होते. एएमडीच्या रायझन ५००० आणि पुढच्या मालिकांत ‘कर्व्ह ऑप्टिमायझर’ नावाची सोय आहे, तिथे ती पायऱ्यांमध्ये मोजतात, आणि एक पायरी साधारण तीन ते पाच मिलिव्होल्टची असते.

बायोसच्या या पानावर एक छोटा चौकोन असतो, त्यात अधिक किंवा उणे निवडायचं असतं. अनेक मदरबोर्डांवर तो आधीपासून अधिकवर ठेवलेला असतो. घाईत आकडा तेवढा लिहिला आणि चिन्ह तसंच राहिलं, तर वजाबाकीची बेरीज होते. म्हणून सेव्ह करण्याआधी ते चिन्ह बोट ठेवून वाचावं. सुरुवात उणे ५० मिलिव्होल्टने करावी, एएमडीवर उणे १० पायऱ्यांनी. संगणक नीट चालला तर पुढे एका वेळी दहा मिलिव्होल्ट, नाहीतर पाच पायऱ्या. रॅमचा वेग वाढवणारी एक्सएमपी किंवा एक्सपो ही सोय या काळात बंद ठेवावी. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या आणि संगणक अडखळला, तर दोष कुणाचा ते कळायला मार्ग राहत नाही.

पानावर आणखी एक पर्याय मोह घालतो, लोडलाइन कॅलिब्रेशन. शेजाऱ्याने पंप सुरू केला की आपल्या घरातला बल्ब क्षणभर मंदावतो, तसं प्रोसेसरवर काम येताच त्याचं व्होल्टेज थोडं बसतं. ते बसू नये म्हणून हा पर्याय आहे. पण तो टोकाला नेला तर काम थांबताक्षणी व्होल्टेज उसळी मारतं. तो जसा आहे तसा राहू द्यावा.

खरी कसोटी पुढे आहे, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. ते तासभर जड काम चालवतात, संगणक टिकतो, आणि ते खूश होतात. प्रत्यक्षात कमी व्होल्टेजचा प्रोसेसर जड कामात टिकून हलक्या कामात घसरू शकतो. जड कामात प्रोसेसरमधले सगळे कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे भाग, मिळून वेग थोडा खाली ठेवतात. हलक्या कामात एखादाच कोअर सगळ्यात वरच्या वेगाला उडी मारतो, आणि त्या उडीला दाब अपुरा पडतो. म्हणून असा संगणक व्हिडिओ तयार करताना टिकतो आणि रात्री कुणी हात लावलेला नसताना आपोआप बंद होऊन सुरू होतो. कोअरसायकलर हा मोफत प्रोग्राम एकेका कोअरला पाळीपाळीने तपासतो. तो रात्रभर चालू ठेवावा. ओसीसीटी आणि प्राइम९५ यांच्या चाचण्या गणिताचं उत्तर पडताळून पाहतात, त्यामुळे संगणक बंद न पडताही चूक पकडली जाते. मोठ्या अविभाज्य संख्या शोधण्यासाठी लिहिलेला प्राइम९५ या कामात इतका मुरला आहे, याचं कारणच ते पडताळणं आहे.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्येही डोकवावं. तिथे ‘डब्ल्यूएचइए-लॉगर’ नावाने नोंदी आल्या असतील, तर प्रोसेसरने चूक केली आणि स्वतःच ती सावरली, असा त्याचा अर्थ असू शकतो. अशी एकही नोंद चालवून घेऊ नये. आणखी एक खूण आहे. पडद्यावर वेग जास्त दिसतो, पण चाचणीतले गुण आधीपेक्षा कमी येतात. दाब अपुरा पडू लागला की काही प्रोसेसर गुपचूप ठोक्याची लांबी ताणतात. वेगाचा आकडा खोटा ठरतो, गुण ठरत नाहीत. वहीत लिहिलेले पहिल्या दिवसाचे गुण इथे कामाला येतात.

ज्या आकड्यावर पहिली चूक सापडली, तिथून वीस-तीस मिलिव्होल्ट माघारी यावं आणि तिथेच थांबावं. उणे ९० ला घसरला, तर उणे ६५ चांगला. हा वीस-पंचवीस मिलिव्होल्टचा पदर पावसाळ्यासाठी, मे महिन्यासाठी आणि प्रोसेसरच्या म्हातारपणासाठी राखलेला असतो. संगणक सुरूच झाला नाही तरी घाबरायचं कारण नाही. बरेच मदरबोर्ड दोन-तीन वेळा अडखळले की आपणहून मूळ मांडणीवर येतात. नाही आले तर वीज काढून बोर्डावरची नाण्यासारखी सीआर२०३२ बॅटरी पाच मिनिटं बाहेर ठेवली की काम होतं.

ज्यांना पाण्याच्या किंवा बर्फाच्या करामती करून प्रोसेसर आणखी थंड करायचा मोह होतो, त्यांनी फ्रिजमधून काढलेल्या सोलकढीच्या ग्लासकडे बघावं. मिनिटभरात त्याच्यावर बाहेरून पाणी सुटतं. पावसाळ्यात या किनाऱ्यावर २५ अंशांच्या आसपास थंड झालेल्या कुठल्याही वस्तूवर दव धरू लागतं. प्रोसेसरवर ते धरलं तर मदरबोर्ड गेलाच. खोलीच्या तापमानाखाली जाणारा कुठलाही कूलर इथे नको.

विजेच्या बिलाचं म्हणाल, तर १८ वॉटची बचत, दिवसाला दहा तास धरले, तरी महिन्याला साडेपाच युनिटच होते. त्यासाठी एवढी खटपट कुणी करणार नाही. फायदा दुसरीकडे आहे. तौक्ते वादळ १६ मे २०२१ ला सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा विजेचे खांब आडवे झाले आणि कितीतरी गावं दिवसचे दिवस अंधारात होती. तसा प्रसंग रोजचा नाही, पण जून-जुलैत माडाची एखादी झावळ तारांवर पडून वीज जाणं रोजच्यातलंच. अशा वेळी सहाशे व्हीएच्या साध्या यूपीएसवर किती मिनिटं मिळतात ते संगणक किती वॉट ओढतो यावर ठरतं. वॉट कमी झाले की वेळ थोडा वाढतो, आणि चालू असलेलं काम सेव्ह करून संगणक नीट बंद करायला तो उपयोगी पडतो.

वॉरंटीचं एक आहे. व्होल्टेज आणि वेगाच्या मांडणीत हात घातल्यामुळे झालेलं नुकसान कंपन्या सहसा भरून देत नाहीत. नवा, महागडा प्रोसेसर असेल तर आधी वॉरंटीचा कागद वाचावा. ज्या संगणकावर कुणाचे पगार निघतात, पतपेढीचा हिशेब चालतो किंवा दवाखान्याच्या नोंदी ठेवल्या जातात, त्याला हात लावू नये. तिथे मोठा कूलर आणि स्वच्छ पंखा हाच उपाय.

मेअखेर समुद्र खवळू लागतो, स्कूबाच्या होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, शाकारल्या जातात. पडवीतला संगणक तीन महिने जवळजवळ रिकामा असतो. त्याला आठवड्यातून दोनदा तासभर चालू ठेवावं, म्हणजे आतला ओलावा उडतो. सप्टेंबरात पर्यटक परतायच्या आधी कॅबिनेट उघडून पुन्हा सफाई आणि एक रात्र कोअरसायकलर. दरम्यान बायोस अद्ययावत झाला असेल तर केलेली वजाबाकी पुसली गेलेली असते. म्हणून बायोसच्या त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये हवा, आणि कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवलेली एक चिठ्ठी: तारीख, उणे ६५, खोली ३४, प्रोसेसर ७६, बायोसची आवृत्ती.